क्यूसी बिनचूक, तरी स्वयंसेवकांच्या नमुन्यांत आकडे वाढलेले: प्लाझ्मातील क्लोपिडोग्रेलच्या सूक्ष्म मोजणीबद्दल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाची ७५ मिलिग्रॅमची गोळी घेतल्यानंतर स्वयंसेवकांच्या प्लाझ्मात मूळ औषध किती असते, हे एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे कॉलममधून पदार्थ वेगळे करून मग वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणावर, मोजण्याची पद्धत आपण बसवली आहे. मोजणीची खालची मर्यादा, म्हणजे एलएलओक्यू, मिलिलिटरला १० पिकोग्रॅम आहे आणि वरची १०,००० पिकोग्रॅम. व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे पद्धतीच्या पूर्वतपासणीत, सगळे निकष पार पडले आणि प्रत्येक बॅचमध्ये क्यूसी, म्हणजे ठाऊक प्रमाणात औषध घातलेले तपासणीचे नमुने, खऱ्या मूल्याच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत येतात. मात्र स्वयंसेवकांच्या नमुन्यांची पुनर्मोजणी, म्हणजे आयएसआर, केली तेव्हा जवळजवळ निम्मे नमुने वीस टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेले आणि त्यांतल्या बहुतेकांचे आकडे दुसऱ्या वेळी वाढले. प्लाझ्मातून औषध वेगळे काढण्यासाठी आपण सॉलिड फेज कार्ट्रिज, म्हणजे औषध धरून ठेवणारी भरलेली नळी, वापरता, मेथॅनॉलने औषध उतरवून घेता आणि ते नायट्रोजनखाली ५० अंश सेल्सिअसला वाळवता. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचे लेबल असलेले) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेले औषधाचेच रूप, मेथॅनॉल आणि पाण्याच्या समभाग मिश्रणात आहे. अधिक संवेदनशील उपकरण घेतल्यास अडचण सुटेल का, आणि तोपर्यंत दोन मोजण्यांची सरासरी धरावी का, असे आपण विचारले आहे.

उपकरण बदलू नका आणि सरासरीही काढू नका. उपकरण त्याच्यासमोर आलेले क्लोपिडोग्रेल बहुधा बरोबरच मोजत आहे. माझ्या मते त्यातला काही भाग स्वयंसेवकाच्या रक्तात नव्हताच, तो आपल्या टेबलावर, नमुना तयार करताना निर्माण झाला. हे निदान खरे की खोटे, ते दोन-तीन दिवसांच्या कामात ठरवता येईल. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी चुकीची दिशा पाहावी. पिपेटचा हात डळमळत असेल, इंटिग्रेशन (पीकचे क्षेत्रफळ मोजणे) ओबडधोबड असेल किंवा सिग्नल आवाजात बुडत असेल, तर पुनर्मोजणीचे आकडे काही वर आणि काही खाली जातात. साठवणीत औषध नासत असेल, तर ते खाली येतात. बहुसंख्य आकडे वरच जात असतील, तर मुख्यतः दोन शक्यता उरतात. एक तर दुसरा कुठला तरी पदार्थ त्याच जागी सिग्नल देत आहे, नाही तर औषधच नव्याने तयार होत आहे. क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत दुसरी शक्यता रसायनशास्त्राला धरून आहे आणि या क्षेत्रात ती चांगली ठाऊकही आहे.

क्लोपिडोग्रेल हा मिथाइल एस्टर आहे. पोटात गेलेल्या औषधापैकी सुमारे ८५ टक्के भागाचा हा एस्टर बंध यकृतातले कार्बॉक्सिलएस्टरेज-१ हे एन्झाइम तोडते आणि त्यापासून निष्क्रिय कार्बॉक्सिलिक आम्ल बनते. परिणामी ७५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर प्लाझ्मातील मूळ औषधाची सर्वोच्च पातळी सरासरी २.२ ते २.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढीच असते, तर त्या आम्लाची पातळी ३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे ज्याची मोजणी करायची आहे त्याच्या हजारपटीहून अधिक त्याचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात औषधापासून बनलेला पदार्थ, त्याच नळीत असते. या आम्लाचा काही भाग पुढे ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडला जाऊन असाइल ग्लुकुरोनाइड बनतो. असाइल ग्लुकुरोनाइडमधला बंध एस्टरसारखाच पण अधिक चंचल असतो. त्याला मेथॅनॉल भेटले, तर ग्लुकुरोनिक आम्ल बाजूला पडते, त्याच्या जागी मिथाइल गट येतो आणि जे तयार होते ते थेट क्लोपिडोग्रेलच असते. क्षारीय परिस्थिती आणि उष्णता ही अभिक्रिया आणखी पुढे रेटतात.

या एका गोष्टीमुळे अधिक संवेदनशील उपकरणाचा काही उपयोग नाही. असे तयार झालेले क्लोपिडोग्रेल आणि स्वयंसेवकाच्या शरीरातून आलेले क्लोपिडोग्रेल हे एकच रेणू आहेत. दोघांचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडण्याची वेळ) एक, ३२२ ते २१२ हे ट्रान्झिशन (३२२ वस्तुमानाचा आयन फुटून २१२ चा तुकडा मिळणे, ज्यावर उपकरण मोजणी करते) एक आणि दोन ट्रान्झिशनमधले गुणोत्तरही एक. कॉलम कितीही लांब घेतला तरी त्यांना वेगळे करता येणार नाही, कारण वेगळे करण्यासारखे त्यांच्यात काही नाही. असाइल ग्लुकुरोनाइड आयन सोर्समध्ये, म्हणजे उपकरणाच्या रेणूंना विद्युतभार देणाऱ्या भागात, फुटल्यामुळे होणारा त्रास मात्र निराळा आहे. ४८४ वस्तुमानाचा ग्लुकुरोनाइड सोर्समध्ये तुटला की ३०८ चा आम्ल आयन मिळतो, ३२२ चा नव्हे. ती चूक आम्ल मोजणाऱ्याला भोवते आणि क्रोमॅटोग्राफीने ती टाळताही येते. आपली अडचण कॉलमच्या आधीच घडून गेलेली आहे.

आता क्यूसी का पार पडतात, हे उघड होईल. क्यूसी आपण ब्लँक, म्हणजे औषध नसलेल्या, प्लाझ्मात शुद्ध क्लोपिडोग्रेल घालून बनवलेले आहेत. त्यांत आम्ल नाही आणि ग्लुकुरोनाइडही नाही, मग मेथॅनॉलने अभिक्रिया करावी तरी कोणाशी? कॅलिब्रेशन स्टँडर्डही, म्हणजे मोजपट्टी ठरवणारे नमुनेही, त्याच प्लाझ्मात बनलेले आहेत. एकाच साच्यातून निघालेले स्टँडर्ड आणि क्यूसी एकमेकांशी जुळतात, आणि त्या जुळण्यालाच आपण अचूकता समजतो. सूक्ष्म पातळीवरच्या मोजणीबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. क्यूसीची अचूकता ही क्यूसीची अचूकता आहे. गोळी घेतलेल्या माणसाच्या प्लाझ्मात जे जे असते ते आपल्या क्यूसीमध्ये नसेल, तर त्या माणसाच्या नमुन्याविषयी क्यूसी काहीच सांगत नाही.

परिमाण डोळ्यांसमोर यावे म्हणून एक कल्पित हिशेब मांडतो. समजा, एखाद्या नमुन्यात मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅम असाइल ग्लुकुरोनाइड आहे आणि काढणीच्या (प्लाझ्मातून औषध वेगळे करण्याच्या) काळात त्यातला हजारात एक भागच मेथॅनॉलशी जोडला गेला. म्हणजे अर्धा नॅनोग्रॅम ग्लुकुरोनाइड खर्ची पडला. ग्लुकुरोनाइडचे रेणुभार ४८४ आणि क्लोपिडोग्रेलचे ३२२ धरले, तर त्यापासून ०.३३ नॅनोग्रॅम, म्हणजे ३३० पिकोग्रॅम क्लोपिडोग्रेल तयार होते. आपली एलएलओक्यू १० पिकोग्रॅम आहे. मात्रेनंतरच्या उशिराच्या तासांत खरे मूल्य ५० पिकोग्रॅम असेल, तर उपकरण ३८० दाखवेल, आणि तेही सुरेख, टोकदार, निर्दोष पीकसह.

म्हणून आयएसआरचे आकडे पुन्हा काढून ते मात्रेनंतरच्या तासांनुसार मांडून पाहा. सर्वोच्च पातळीच्या आसपास मूळ औषध तुलनेने भरपूर असल्याने टक्केवारीतला फरक लहान दिसेल. उतरत्या भागात मूळ औषध आटते, पण मेटाबोलाइट बराच काळ टिकून राहते, त्यामुळे तिथे फरक वाढत गेलेला दिसला पाहिजे. तसा तो दिसला, तर माझ्या निदानाला पहिला आधार मिळेल. दोन्ही वेळच्या नोंदवहीतल्या वेळाही तपासा. इंटर्नल स्टँडर्ड घातल्यापासून कार्ट्रिजवर नमुना चढेपर्यंत किती वेळ गेला, वाळवणी किती मिनिटे चालली, वायल ऑटोसॅम्पलरमध्ये (नमुने आपोआप इंजेक्ट करणाऱ्या भागात) किती तास पडून होत्या, हे दोन्ही खेपांना सारखे नसणार. पुनर्मोजणीच्या दिवशी मेथॅनॉलचा सहवास लांबला असेल, तर आकडे वर जाणे क्रमप्राप्त होते.

यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट निघते, ती नजरेआड करू नये. दोन्ही खेपांना मेथॅनॉलशी संपर्क अगदी सारखाच आला असता, तर दोन्ही आकडे सारखेच फुगले असते आणि आपला आयएसआर डौलात पार पडला असता. २०२२ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच एम१० या औषधमोजणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आयएसआरचा निकष असा आहे की पहिल्या हजार नमुन्यांतले दहा टक्के आणि त्यापुढच्यांतले पाच टक्के नमुने पुन्हा मोजावेत आणि त्यांपैकी किमान दोन-तृतीयांश नमुन्यांत दोन मोजण्यांतला फरक त्यांच्या सरासरीच्या वीस टक्क्यांच्या आत असावा. हा निकष पुनरुत्पादनक्षमतेचा आहे, सत्यतेचा नाही. आयएसआर नापास झाला ही आपल्या दृष्टीने इष्टच गोष्ट घडली असे मी म्हणेन. पुष्कळ ठिकाणी हीच चूक पास होऊन पुढे जाऊ शकते.

आता सिद्धतेकडे वळू. तीन चाचण्या कराव्यात आणि त्याही याच क्रमाने.

पहिली चाचणी क्लोपिडोग्रेल नसलेल्या प्लाझ्मात करायची आहे. ब्लँक प्लाझ्मात आम्ल मेटाबोलाइट मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम घाला आणि दुसऱ्या नळीत असाइल ग्लुकुरोनाइड अपेक्षित कमाल पातळीइतके घाला. दोन्ही नळ्या आपल्या सध्याच्या पद्धतीतून जशाच्या तशा न्या. या नमुन्यांत ३२२ ते २१२ वर, क्लोपिडोग्रेलच्या वेळेला, एलएलओक्यूच्या वीस टक्क्यांहून मोठे काहीही दिसता कामा नये. दिसले तर अभिक्रिया घडते आहे. मात्र त्याआधी दोन्ही संदर्भ पदार्थ ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून थेट इंजेक्ट करून पाहा, कारण मेटाबोलाइटच्या बाटलीतच क्लोपिडोग्रेलची अल्पशी भेसळ असू शकते आणि हजारपट पातळीवर ती अल्पशी भेसळही आपल्याला फसवेल. मेटाबोलाइटचे स्टॉक द्रावण मेथॅनॉलमध्ये बनवले, तर संपूर्ण चाचणीच वाया जाईल, हे सांगायला नकोच.

दुसरी चाचणी स्वयंसेवकांच्या शिल्लक नमुन्यांवर करावी. अभ्यासाच्या नियमांत बसत असेल तर उशिराच्या तासांचे काही नमुने एकत्र करा आणि त्यांचे दोन भाग करा. एका भागावर सध्याची पद्धत चालवा. दुसऱ्यावर तीच पद्धत चालवा, फक्त मेथॅनॉलच्या प्रत्येक थेंबाच्या जागी ॲसिटोनायट्राइल वापरा. इंटर्नल स्टँडर्डचे द्रावण, धुण्याचे मिश्रण, इल्यूशन (कार्ट्रिजमधून औषध उतरवणे), पुनर्विरघळण, कुठेही मेथॅनॉल नको. दोन भागांतल्या आकड्यांचा फरक म्हणजे आपल्या चुकीचे जवळजवळ थेट मोजमाप.

तिसरी चाचणी मला सर्वांत निर्णायक वाटते. इंटर्नल स्टँडर्ड न घालता, साध्या मेथॅनॉलऐवजी ज्याच्या मिथाइल गटावर तीन ड्युटेरियम आहेत असे मेथॅनॉल घ्या आणि त्याच एकत्रित नमुन्यावर पद्धत चालवा. काढणीच्या वेळी जे क्लोपिडोग्रेल नव्याने बनेल त्याच्या एस्टरवर ड्युटेरियम असेल आणि ते ३२५ ते २१५ या ट्रान्झिशनवर दिसेल. शरीरातून आलेले मात्र ३२२ वरच राहील. एरवी एकरूप असलेले दोन स्रोत येथे एकाच इंजेक्शनमध्ये वेगळे दिसतात. क्लोपिडोग्रेलमध्ये क्लोरीन आणि गंधक आहेत, त्यामुळे नैसर्गिक समस्थानिकांमुळे त्याचाही थोडा अंश ३२५ वर येतोच. तो किती, हे साध्या मेथॅनॉलमधल्या जोडीच्या नमुन्यातून वजा करावे. ड्युटेरियमयुक्त मेथॅनॉल हाताशी नसेल, तर साधे इथेनॉलही काम भागवते. त्यात इथाइल एस्टर बनेल आणि तो ३३६ ते २२६ वर, थोड्या उशिराने, दिसेल. मद्य न घेतलेल्या स्वयंसेवकाच्या शरीरात इथाइल एस्टर असण्याचे काही कारण नसल्याने ते पीक दिसले की वाद उरत नाही.

निदान खरे ठरल्यावर दुरुस्ती करताना अर्धवट थांबू नये, असे मी विनवतो. इंटर्नल स्टँडर्डचे द्रावण ॲसिटोनायट्राइल आणि पाण्यात केले आणि इल्यूशन मात्र मेथॅनॉलनेच चालू ठेवले, तर आकडे सुधारतील, पण बरोबर येणार नाहीत. कार्ट्रिज तयार करतानाही पहिला घोट मेथॅनॉलचाच असतो. त्याच्या जागी ॲसिटोनायट्राइल वापरावे आणि नंतर पाणी पुरेसे द्यावे. ऑटोसॅम्पलरच्या सुईचे धुणे, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे द्रावण), वायल धुण्याची बाटली, सगळीकडून मेथॅनॉल हद्दपार करावे. मोबाइल फेजमधला संपर्क काही मिनिटांचाच असला, तरी ॲसिटोनायट्राइल आणि आम्लयुक्त बफरवर हेच काम उत्तम होत असताना शंकेला जागा ठेवण्याचे कारण नाही. नमुने आम्लधर्मी केल्यास ग्लुकुरोनाइड अधिक टिकतो, हा सल्ला बरोबर आहे, पण मेथॅनॉल शिल्लक ठेवून नुसते आम्ल वाढवणे धोक्याचे आहे. आम्ल, मेथॅनॉल आणि वाळवणीची उष्णता एकत्र आली की मुक्त कार्बॉक्सिलिक आम्लाचेही थेट एस्टरीकरण होऊ शकते, आणि ते आम्ल तर आपल्याकडे ग्लुकुरोनाइडपेक्षाही अधिक आहे.

माझ्या पसंतीची वाट कार्ट्रिजची नसून लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शनची, म्हणजे औषध पाण्याच्या थरातून सेंद्रिय द्रावकाच्या थरात ओढून घेण्याची, आहे. क्लोपिडोग्रेल हा दुर्बळ बेस (आम्लारी) आहे, त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा, साधारण ४.५. पीएच ७ च्या आसपास तो विद्युतभाररहित असतो आणि सेंद्रिय थरात सहज जातो, तर आम्ल मेटाबोलाइट आणि ग्लुकुरोनाइड यांच्यावर ऋणभार असल्याने ते पाण्याच्या थरातच मागे राहतात. म्हणजे शत्रू पहिल्याच पायरीवर वेगळा होतो. बर्फावर ठेवलेल्या प्लाझ्मात ॲसिटोनायट्राइलमधला इंटर्नल स्टँडर्ड, मग तटस्थ फॉस्फेट बफर, मग मिथाइल टर्शरी ब्यूटाइल इथर (एमटीबीई) आणि हेक्झेनचे मिश्रण घालून हलवावे, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करावे आणि नळीचा तळ ड्राय आइसमध्ये धरावा. खालचा थर थिजला की वरचा स्वच्छ थर एका हाताने दुसऱ्या नळीत ओतता येतो, पिपेटचे टोक दोन थरांच्या सीमेवर नेण्याची वेळच येत नाही. ओतताना थिजलेल्या तळाचा तुकडा सुटून आला, तर ती नळी पुन्हा थिजवावी. त्या तुकड्यात मेटाबोलाइटचा साठा असतो. वाळवणी ४० अंशांच्या वर नको. एमटीबीई उद्योगात मेथॅनॉलपासूनच बनते, त्यामुळे हलक्या प्रतीच्या बाटलीत त्याचा अंश असू शकतो. म्हणून चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि नवी बाटली उघडली की पहिली चाचणी एकदा त्यावर चालवावी.

यापुढे क्यूसी बनवताना निदान एक संच असा हवा, ज्यात कमी पातळीच्या क्यूसीमध्ये आम्ल आणि ग्लुकुरोनाइड शरीरातल्या प्रमाणात घातलेले आहेत. टेबलावरची स्थिरता, गोठवणे-वितळवणे, ऑटोसॅम्पलरमधली स्थिरता, हे सगळे प्रयोग त्याच संचावर करावेत. शुद्ध औषधावर केलेल्या स्थिरतेच्या प्रयोगात औषध किती नाहीसे होते एवढेच कळते, किती निर्माण होते ते नव्हे.

मेथॅनॉलचा प्रश्न मिटल्यावरही १० पिकोग्रॅमच्या पातळीवर अचूकता आपोआप येत नाही. आपण पाठवलेल्या तपशिलात आणखी दोन जागा मला खटकल्या.

पहिली जागा इंटर्नल स्टँडर्डच्या प्रमाणाची. लेबल केलेल्या पदार्थात लेबल न झालेला अंश थोडा तरी राहतोच. आपण नमुन्यात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम इंटर्नल स्टँडर्ड घालता. त्यात लेबलरहित क्लोपिडोग्रेल हजारात एक भाग असेल, तर प्रत्येक नमुन्यात, शून्य नमुन्यातही, ५ पिकोग्रॅम क्लोपिडोग्रेल आपण स्वतःच घालत आहात. ते एलएलओक्यूच्या निम्मे झाले, तर परवानगी वीस टक्क्यांची, म्हणजे २ पिकोग्रॅमची आहे. इंटर्नल स्टँडर्ड १ नॅनोग्रॅमवर आणा, मग तोच अंश १ पिकोग्रॅम होईल. उलट दिशेचा हिशेबही करावा. क्लोरीन ३७ आणि कार्बन १३ यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा काही अंश तीन एककांनी जड असतो, म्हणून तीन ड्युटेरियमचा इंटर्नल स्टँडर्ड घेतला तर वरच्या पातळीच्या स्टँडर्डमध्ये औषधच इंटर्नल स्टँडर्डच्या पीकमध्ये भर घालते आणि कर्व्ह वाकतो. एकच वेगळा नमुना पुरतो: ब्लँक प्लाझ्मात फक्त १०,००० पिकोग्रॅम क्लोपिडोग्रेल, इंटर्नल स्टँडर्ड नाही. त्यात इंटर्नल स्टँडर्डच्या ट्रान्झिशनवर जे पीक दिसेल ते नेहमीच्या प्रतिसादाच्या पाच टक्क्यांहून कमी असावे.

दुसरी जागा फॉस्फोलिपिडांची. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये एकाच क्षणी कॉलममधून बाहेर पडणारे पदार्थ थेंबाच्या पृष्ठभागासाठी आणि विद्युतभारासाठी झगडतात, आणि प्लाझ्मातले फॉस्फोलिपिड या झगड्यात प्रबळ ठरतात. सिग्नल दबतो, पण क्रोमॅटोग्रामवर काहीच वावगे दिसत नाही, कारण आपण फक्त एकच ट्रान्झिशन पाहत असतो. व्हॅलिडेशनमध्ये निदान काही धावांत १८४ या फॉस्फोकोलिनच्या खुणेवर नजर ठेवावी. लायसोफॉस्फॅटिडिलकोलिनसाठी ४९६ ते १८४ आणि ५२४ ते १८४ ही ट्रान्झिशन पुरेशी बोलकी आहेत. ती शिखरे आणि क्लोपिडोग्रेल एकाच वेळेला येत असतील, तर ग्रेडियंट (धावेत मोबाइल फेजचे बदलत जाणारे मिश्रण) बदलण्याशिवाय पर्याय नाही. फॉस्फोलिपिड त्या धावेत बाहेर पडले नाहीत, तर पुढच्या दोन-तीन इंजेक्शननंतर भलत्याच वेळी उतरतात. त्यामुळे प्रत्येक धावेच्या शेवटी ॲसिटोनायट्राइलचे, लागल्यास थोड्या आयसोप्रोपॅनॉलसह, कडक धुणे द्यावे.

लेबल केलेला इंटर्नल स्टँडर्ड असताना मॅट्रिक्स इफेक्टची, म्हणजे प्लाझ्मातल्या इतर पदार्थांमुळे सिग्नल बदलण्याची, काळजी कशाला, असे आपण म्हणाल. तो विश्वास बहुतेक वेळा रास्त असला, तरी निरपवाद नाही. ड्युटेरियमयुक्त रेणू रिव्हर्स फेज कॉलमवरून साध्या रेणूच्या किंचित आधी उतरतो. फरक काही सेकंदांचा असतो, पण दमनाचा कडा नेमका त्या दोघांमध्ये आला, तर दोघांचे दमन सारखे राहत नाही आणि गुणोत्तर बिघडते. कार्व्हेडिलॉल या औषधाच्या एनँशियोमरांच्या (आरशातल्या प्रतिमेसारख्या जोडरेणूंच्या) मोजणीत असेच घडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. कार्बन १३ चे लेबल असे सरकत नाही, म्हणून परवडत असेल तर ते घ्यावे. नाही तर दोन्ही पीक एकमेकांवर मांडून शिखरांतले अंतर प्रत्यक्ष पाहावे.

आयसीएच एम१० मॅट्रिक्स इफेक्टसाठी किमान सहा वेगवेगळ्या व्यक्तींचा प्लाझ्मा मागते, आणि कमी व जास्त अशा दोन्ही पातळ्यांवर. आपण ते केले आहे, पण सहाही प्लाझ्मा उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचे दिसतात. आहारासह करायच्या अभ्यासात स्वयंसेवक ८०० ते १००० कॅलरींचा स्निग्ध नाश्ता करून येतात आणि त्यांचा प्लाझ्मा दुधाळ असतो. म्हणून लिपिडयुक्त आणि हेमोलाइज्ड (रक्तपेशी फुटून लाल झालेला) प्लाझ्मा वेगळे तपासणे ही कागदोपत्री पूर्तता समजू नये. मुंबई-नवी मुंबईपासून अहमदाबाद-हैदराबादपर्यंत क्लोपिडोग्रेलचे बायोइक्विव्हॅलन्स (दोन उत्पादने रक्तात सारखीच पोहोचतात का, हे पाहणारे) अभ्यास होतात आणि त्या कामात मराठी विश्लेषक मोठ्या संख्येने आहेत. त्यांना माझी सूचना अशी की प्रत्येक बॅचनंतर इंटर्नल स्टँडर्डचे क्षेत्रफळ इंजेक्शनच्या क्रमाने आलेखावर मांडा. स्टँडर्ड आणि क्यूसी एका पातळीवर आणि स्वयंसेवकांचे नमुने ठळकपणे दुसऱ्या पातळीवर बसलेले दिसले, तर बॅचचे निकष पास झाले असले तरी त्या स्वयंसेवकांचे आकडे पुढे जाऊ देऊ नका.

कॅलिब्रेशनबद्दल थोडेच. आपली व्याप्ती हजारपट आहे. वजन न देता रेषा बसवली, तर वरच्या स्टँडर्डमधला दोन टक्क्यांचा फरक २०० पिकोग्रॅमचा होतो, म्हणजे एलएलओक्यूच्या वीसपट, आणि रेषा त्या एका बिंदूच्या ओढीने खालचे टोक वाकडे करते. एक भागिले एक्स वर्ग (एक्स म्हणजे स्टँडर्डची पातळी) हे वजन द्यावे आणि खालच्या तीन स्टँडर्डचे परत काढलेले मूल्य पाहूनच ते योग्य आहे का ते ठरवावे. सहसंबंध गुणांकाचे ०.९९९ पाहून समाधान मानू नये, तो आकडा खालच्या टोकाविषयी काही सांगत नाही. स्टॉक द्रावणे दोन स्वतंत्र वजनांतून करावीत, आणि संदर्भ पदार्थ बायसल्फेट क्षाराच्या रूपात असेल, तर त्याच्या १ मिलिग्रॅममध्ये मूळ क्लोपिडोग्रेल ०.७६६ मिलिग्रॅमच असते, हे प्रमाणपत्रावरच्या शुद्धतेसह हिशेबात धरावे. ही चूक झाली तर स्टँडर्ड आणि क्यूसी दोन्ही सारखेच चुकतात आणि कोणताही निकष ती पकडत नाही.

कॅरिओव्हरची, म्हणजे आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्या इंजेक्शनमध्ये येण्याची, आपली तपासणी ठीक आहे. रक्त घेण्याच्या टोकाला मात्र एवढे पाहावे की नळ्या के-२ ईडीटीएच्या आणि आधीच थंड केलेल्या असाव्यात, कॅन्युलात राहिलेले पहिले रक्त टाकून द्यावे, आणि रक्त घेतल्यापासून प्लाझ्मा उणे ७० अंशांवर जाईपर्यंतचा वेळ प्रत्येक नळीसाठी लिहिला जावा. मानवी प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज जवळजवळ नसते, त्यामुळे मूळ औषध थंड प्लाझ्मात चांगले टिकते. उंदरांच्या प्लाझ्मात ते एन्झाइम भरपूर असते, म्हणून प्राण्यांच्या अभ्यासातून घेतलेले स्थिरतेचे आकडे इकडे लावू नयेत आणि इकडचे तिकडे.

राहिला प्रश्न आधी मोजलेल्या नमुन्यांचा. दुसऱ्या चाचणीतून फुगवट्याचे एक प्रमाण हाती येईल आणि जुन्या आकड्यांना त्याने भागून टाकण्याचा मोह होईल. तसे करू नये. फुगवटा प्रत्येक नमुन्यात त्या व्यक्तीच्या ग्लुकुरोनाइडवर, मात्रेनंतरच्या तासावर आणि त्या दिवशी मेथॅनॉलशी आलेल्या संपर्कावर अवलंबून होता, त्याला एकच गुणक असूच शकत नाही. आयएसआरच्या अपयशाची चौकशी लेखी पूर्ण करा, तिन्ही चाचण्यांचे क्रोमॅटोग्राम तिला जोडा, मेथॅनॉलविरहित पद्धतीचे व्हॅलिडेशन मेटाबोलाइटयुक्त क्यूसींसह पुन्हा करा आणि अभ्यासातले सर्व नमुने, फक्त आयएसआरमध्ये नापास झालेले नव्हेत, त्या पद्धतीने पुन्हा मोजा. त्याआधी फ्रीझरमधल्या प्रत्येक नमुन्याची उरलेली मात्रा आणि तो किती वेळा वितळला आहे हे तपासून घ्या. दुसऱ्या मोजणीपुरता आणि त्यानंतरच्या आयएसआरपुरता प्लाझ्मा उरलेला आहे का, यावर पुढचे सगळे नियोजन अवलंबून राहील.